खांबावरचा चेहरा

स्वतःचं तोंड दिव्याच्या खांबावर टांगलेलं दिसलं तेव्हा ओरेस्ट मेल्निकच्या तोंडात पेपरमिंटची गोळी होती. ती गिळवेना आणि थुंकवेना. बस थांब्याला लागली होती, दार उघडं होतं, मागचे लोक ताटकळले होते, आणि हा एक्क्याण्णव वर्षांचा म्हातारा एक पाय पायरीवर आणि एक पाय फुटपाथवर ठेवून वर बघत राहिलेला. कुणीतरी मागून म्हणालं, "आजोबा, सावकाश, घाई नाही," म्हणजे घाई होतीच. तो उतरला. बस गेली. सेलकर्क रस्त्यावर नोव्हेंबरचं ते विनिपेगचं वारं, ज्यात नाक आधी जळतं आणि मग बधिर होतं, आणि समोर औषधांच्या दुकानापाशी खांबावर हातभर रुंद, पुरुषभर उंच प्लॅस्टिकचं कापड. त्यावर गणवेशातला एक पोरगा. डोक्यावर तिरकी टोपी, ओठाच्या डाव्या कोपऱ्यात ते आगाऊ हसू. खाली नाव: तारस मेल्निक, १९२० ते १९४४. त्याखाली: आम्ही विसरणार नाही. आणि त्याच्याही खाली, ज्यानं कापडाचा खर्च दिला त्याची पाटी, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत: लँगस्टनच्या गाद्या, शांत झोपेसाठी. नाव भावाचं होतं. तारखा भावाच्या होत्या. तोंड मात्र त्याचं होतं, ओरेस्टचं. ते हसू तो रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत आला होता. आता ते सुरकुत्यांत बुडालं होतं, पण आपलं तोंड आपण ओळखणार नाही तर कोण ओळखणार? त्याला शिसारी आली.  दर नोव्हेंबरला वस्तीतल्या दुकानदारांची समिती असे मेलेले सैनिक खांबाखांबावर टांगते हे त्याला ठाऊक होतं. त्यांच्याखालून तो वर्षानुवर्षं दूध आणायला जात होता. आपण त्या रांगेत लटकू असं मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. गोळी उजवीकडच्या खालच्या दाढेच्या खिंडारात जाऊन अडकली. ते खिंडार सत्तर वर्षांचं जुनं होतं, आणि ते कसं पडलं हे जगात त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. जिभेनं त्यानं गोळी बाहेर ढकलली आणि रुमालात थुंकली.

घरी येऊन कोटाची बटणंही न सोडता त्यानं मुलीला फोन लावला. डारिया साठीची, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्या जगाचं ऑफिस चालवायला निघालेली.

"बघितलंत?" ती आधीच म्हणाली. "अय्या, बघितलंत ना! मी सांगणारच नव्हते. म्हटलं बाबांना एकदम दिसू दे."

"फोटो कुठून काढलास?"

"कुठून म्हणजे? तुमच्या कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यातून. मागे स्टुडिओचा शिक्का आहे, मे एकेचाळीस. गणवेशात तारसकाकाशिवाय दुसरं कोण असणार? रडलात का तुम्ही? खरं सांगा."

"वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं."

"मला माहितीय तुमचं वारं," ती लाडानं म्हणाली. "आणि अकरा तारखेला, सैनिकांच्या स्मृतिदिनाला, पहिल्या रांगेत खुर्ची आहे तुमची. शहिदाचे भाऊ म्हणून. निळा सूट ड्रायक्लीनला टाकते."

फोन ठेवून तो तसाच बसला. दुसरं कोण असणार! हिच्या हिशोबानं प्रश्नच मिटला होता. आणि तिचं काय चुकलं? तिला वाढवलं कुणी? लहानपणी तिनं विचारलं होतं, बाबा, तुम्ही युद्धात होतात? आणि त्यानं सांगितलं होतं, होतो, ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, जपान्यांची वाट बघत. हे खोटं नव्हतं. खोटं न बोलता खोटं बोलायची कला त्याला चांगली साधली होती. अकरा नोव्हेंबरला छातीवर सैनिकांच्या आठवणीचं कागदी लाल पॉपीचं फूल टोचून तो बाहेर पडला की कॉफीवाली पोरगी म्हणायची, तुमच्या सेवेबद्दल आभार, ही कॉफी आमच्याकडून. आणि तो ती कॉफी प्यायचा. वर्षानुवर्षं प्यायला होता. साखर घालून.

एकेचाळीसच्या मे महिन्यात तारस समुद्रापार युद्धावर जाण्याआधीच्या रजेवर घरी आला होता. घरात आई आणि हे दोघे भाऊ, वडील रेल्वे यार्डात डब्यांखाली सापडून केव्हाच गेलेले. तारस एकवीसचा, ओरेस्ट अठराचा. आईला फोटो हवा होता म्हणून दोघे स्टुडिओत गेले. तारसचा फोटो झाला. प्लेट बदलेपर्यंत ओरेस्ट मागे लागला, अरे, एकदा मला घालू दे ना तो कोट. नाचाच्या हॉलमध्ये एक पोरगी होती, गणवेश नसलेल्याकडे ढुंकूनही बघत नसे, तिला द्यायचा होता फोटो. तारस खो खो हसला. "घाल बाबा, घाल. एकदा तरी घाल." त्यानं कोट काढला, स्वतःच्या हातानं भावाच्या अंगात घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली. कोट गरम होता. त्याला घामाचा आणि स्वस्त केसतेलाचा वास होता. खांदे सैल, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तारस मागे सरकून बघत म्हणाला, "शोभतोय रे तुला. असं करू, मी घरी राहतो, तू जा." आणि फोटोवाल्यासकट तिघंही हसले. कापडावरचं ते हसू त्याच वेळचं. सत्तरहून जास्त वर्षं ते ओठाच्या कोपऱ्यात तसंच राहिलं होतं, आणि आता ते टपालपेटीवर, बसथांब्यावर, कुत्री फिरवणाऱ्या बायांवर वरून बघत होतं.

तारसचा खरा फोटो आईच्या उशाशी असायचा. पन्नास साली लाल नदीचा पूर तळघरात शिरला, ट्रंक फुगली, पत्रं, शाळेचे फोटो, बाप्तिस्म्याचे फोटो, सगळ्याचा लगदा झाला. तारसचा उशाशी होता तेवढा वाचला; ओरेस्टचा वर कपाटातल्या डब्यात होता. एकसष्टला आई गेली तेव्हा मेलेल्या सैनिकांच्या आयांना सरकार देतं तो चांदीचा क्रॉस तिच्या गळ्यात होता, आणि फोटो ओरेस्टनंच तिच्या हातांखाली सरकवला होता. बायकोनं विचारलं होतं, अहो, ठेवायचा नाही का आपल्याला? तो म्हणाला होता, आईचाच आहे तो. सगळ्यांना वाटलं, काय माया. माया कसली, डोंबलाची! घरातून तो चेहरा जावा असं त्याला वाटत होतं. तो आईच्या उशाशी राहून बघत असायचा. शवपेटीचं झाकण लागलं तेव्हा ओरेस्टला जे वाटलं ते सुटका झाल्यासारखं होतं. त्या सुटकेची किळस त्याला आत्ता, त्रेपन्न वर्षांनी, कोट अंगात ठेवून स्वयंपाकघरात बसल्यावर आली. कारण आत्ता तो डोळे मिटून भावाचं तोंड आठवायला गेला, आणि ते येईना.

मान आली. पाठमोरी मान, कॉलर घासून लाल रेघ पडलेली. हात आले, डाव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं. आवाज तर कानाशीच. पण तो वळला की त्या गणवेशात ओठाच्या कोपऱ्यातून हसणारा ओरेस्टच. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. नाक कसं होतं? आईसारखं की वडिलांसारखं? डोळे? निळे होते, घरात सगळ्यांचेच होते. एका भुवईत काहीतरी होतं. काय होतं? प्रत्येक वेळी खांबावरचं ते थोबाड मध्ये यायचं. आधी त्यानं फोटो पुरला, आणि आता त्याच्या थोबाडानं उरलासुरलाही पुसून टाकला. जगाच्या पाठीवर तारस मेल्निकचा चेहरा फक्त एका माणसाच्या डोक्यात शिल्लक होता, आणि तो माणूस असा नालायक निघाला.

तीन दिवस तो खांबाखालून जायचं नाही असं ठरवत राहिला आणि तीनही दिवस खांबाखालून गेला. दुसऱ्या दिवशी कबुतरानं कापडावर घाण केली, बरोबर डाव्या डोळ्यावर. त्याला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस शिडी लावून, कपड्यानं, अगदी हलक्या हातानं तो डोळा पुसत होता. खाली उभ्या दोन बाया बघत होत्या. एक म्हणाली, "किती गोड पोरगा होता नाही?" दुसरी म्हणाली, "अशीच चांगली मुलं जातात गं." ओरेस्टला वाटलं, ओरडावं, अहो, गेला नाही तो! तो इथे उभा आहे, काठी टेकून, त्याला लघवी धरवत नाही आणि रोज दुपारी तो टीव्हीवर जेवण बनवायचे कार्यक्रम बघतो!  बायांनी त्याच्याकडे बघून मान लववली. त्यानंही लववली.

रविवारी डारियाच्या स्वयंपाकघरात, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात ताटात असताना, त्यानं सांगून टाकलं. तोंडात घास होता, तो बाजूला करून म्हणाला, "तो मी आहे."

"कोण?"

"खांबावर. तारस नाही. मी आहे. त्याचा कोट घालून फोटो काढला होता."

डारियानं वाडगा खाली ठेवला. त्याच्याकडे बघितलं, मग फोनमधला फोटो काढून बघितला, मग पुन्हा त्याच्याकडे. ती हुशार होती, तिला कळलं. तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. "अगं बाई," ती म्हणाली. मग बराच वेळ तिनं फोनवर बोट घासलं. आणि मग म्हणाली, "बरं, पण बाबा, भाऊ-भाऊ सारखेच दिसतात. कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय."

"तुमचं सोडा हो. दुसरा फोटो आहे का? नाही ना? मग ते काढून टाकलं तर तिथे काय राहील, मोकळा खांब? त्यापेक्षा हे बरं नाही का? काकाचं नाव तरी आहे." ती जवळ येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "तुम्हीसुद्धा लष्करात होतातच की. किनाऱ्यावर. काही अगदीच परक्याचा फोटो नाही लागलेला."

 भातातलं मांस जिभेवर गार आणि चरबट झालं होतं. किनाऱ्यावर! त्याला सांगायचं होतं, बाळे, तुझा बाप झॉम्बी होता. आज पोरं तो शब्द सिनेमासाठी वापरतात. तेव्हा तो आम्हाला वापरायचे, चालती प्रेतं म्हणून. कायदाच तसा होता. सक्तीनं भरती केलेल्याला समुद्रापार पाठवता येत नसे, जोवर तो स्वतः सही करत नाही. सही केलेल्यांच्या बाहीवर पट्टी असायची, आमची बाही कोरी. रोज सकाळी सार्जंट टेबलावर कागद ठेवायचा आणि विचारायचा, कुणी आहे का पुरुष? ट्राममध्ये बाया शेजारून उठून जायच्या. लोक विचारायचे, का रे सही करत नाहीस? तर मी सांगायचो, आईनं शपथ घातलीय, एक मुलगा दिलाय, दुसरा देणार नाही म्हणाली. आईनं कधीच शपथ घातली नव्हती. तिच्यादेखत मी हे चर्चच्या पायऱ्यांवर लोकांना सांगितलं, आणि आई शेजारी उभी होती, आणि तिनं माझ्याकडे एकदा बघून मान खाली घातली. नाही म्हणाली नाही. मरेपर्यंत म्हणाली नाही. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. तो म्हणाला, "पाणी दे."

सोमवारी समितीचा माणूस घरी आला. रसेल पिंडर त्याचं नाव, हार्डवेअरचं दुकान, गालावर गुलाबी तजेला, हातात फाइल. ओरेस्टनं त्याला बसायच्या आतच सांगितलं, फोटो चुकलाय, उतरवा. पिंडरनं काळजीच्या चेहऱ्यानं ऐकून घेतलं, जसं म्हाताऱ्यांचं ऐकतात.

"मेल्निकसाहेब, असं बऱ्याच जणांना होतं," तो म्हणाला. "मागच्या वर्षी एक आजी म्हणत होत्या की त्यांचे मिस्टर असे दिसतच नव्हते. इतक्या वर्षांनी चेहरा परका वाटतो."

"परका नाही वाटत. तिथेच तर घोटाळा आहे."

पिंडर हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनोदी आहे. "आता छपाई झालीय, लँगस्टनचे लोक अकरा तारखेला फोटो काढायला येणारेत. पण तुम्हाला एक आनंदाची बातमी देतो. एल्मर गिलिस म्हणून आहेत, चौऱ्याण्णव वर्षांचे, माजी सैनिकांच्या वृद्धाश्रमात असतात. यादीतलं नाव वाचून त्यांनी फोन करवला. तुमच्या भावाच्याच तुकडीत होते. शेवटच्या दिवशीसुद्धा. तुम्हाला भेटायचंय त्यांना."

खुर्चीचा हात ओरेस्टनं घट्ट धरला. म्हणजे दोघं होते. तारसचा चेहरा अजून एका डोक्यात होता.

दहा तारखेला सकाळी डारियानं त्याला गाडीनं नेलं. वाटेभर ती बोलत होती आणि त्याला खिशातलं पत्र हाताला लागत होतं. पुरात ते भिजलं नव्हतं, कारण ते नेहमी त्याच्या पाकिटात असायचं. ऑक्टोबर चव्वेचाळीस, हॉलंडच्या कडेचं पाणथळ. ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत मांडीत गोळी लागून तारस इस्पितळात होता, आणि जखमेवर धड कातडी धरायच्या आत त्याला परत रांगेत पाठवला होता, कारण माणसं नव्हती. अक्षर पेन्सिलीचं, पुसट. 'पस्तीस हवेत तिथे आम्ही अकरा आहोत. आचारी आणि कारकून पाठवताहेत, त्यांना बंदूक भरायची इथे चिखलात शिकवतो. कमरेएवढं पाणी आहे. आईला सांगू नकोस. मी तुला ये म्हणत नाही, ओरेस्ट. पण सारखा एक माणूस कमी पडतो. मोजलं की एक कमी.' हे पत्र आणि तारस गेल्याची तार एकाच आठवड्यात पोचली होती. तार आईला विनिपेगमध्ये, पत्र त्याला डोंगरातल्या टेरेस गावच्या छावणीत. आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी, झॉम्बींनाही समुद्रापार धाडणार अशी बातमी फुटली तेव्हा, छावणीनं बंड केलं. बर्फातून मोर्चा निघाला. ओरेस्ट तिसऱ्या रांगेत होता. जेवणाच्या डब्याचं झाकण तो चमच्यानं बडवत होता आणि ओरडत होता, नाही जाणार, नाही जाणार! सख्खा भाऊ जाऊन महिना झाला नव्हता. आणि सगळ्यात घाण गोष्ट अशी की त्याला त्या दिवशी मजा आली होती. अंगात ऊब आली होती, गळा मोकळा झाला होता, शेजारचा पोरगा हसत होता. पुढे जानेवारीत त्याच्या तुकडीचा जहाजाचा नंबर लागला तेव्हा दाढ दुखतेय म्हणून तो लष्करी दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाला, दाढ चांगली आहे. हा म्हणाला, काढाच. चांगली धडधाकट दाढ उपटून घेतली, तोंडात कापूस धरून तीन दिवस खाटेवर पडला, आणि तुकडी त्याच्याशिवाय गेली. त्याच्या जागी कोण गेलं हे त्यानं कधी विचारलं नाही.

गिलिसच्या खोलीत साबणाचा आणि मुताचा वास होता. म्हातारा खिडकीशी चाकाच्या खुर्चीत, पायांवर पांघरूण, कातडी कागदासारखी, पण डोळे लख्ख. डारियानं, कुणाला कळणार या भरवशावर, फोन त्याच्यापुढे धरला. "बघा, हा तुमचा दोस्त."

गिलिसनं फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ आणला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "हा कोण?"

"तारसकाका," डारिया म्हणाली, आणि तिच्या गळ्यावर चट्टे उठू लागले.

"छे. हा नव्हे. मेल्निकला मी ओळखणार नाही?"

"डारिया," ओरेस्ट म्हणाला, "कॉफी घेऊन ये."

"पण बाबा..."

"घेऊन ये म्हटलं ना."

ती गेली. दार लागेपर्यंत ओरेस्ट थांबला. "तो मी आहे," तो म्हणाला. "त्याचा कोट घातला होता. मी झॉम्बी होतो. टेरेसला."

 गिलिसनं फोन पांघरुणावर उपडा ठेवला आणि बोटं पांघरुणाला पुसली. ओरेस्टच्या ते नजरेतून सुटलं नाही. सत्तर वर्षं तो कुणीतरी असं करण्याची वाट बघत होता, आणि आता कुणी केलं तर त्याला बरं वाटलं नाही.

"फोटो आहे का तुमच्याकडे त्याचा? ग्रुपचा वगैरे?"

"नाही."

"मग सांगा तरी. कसा दिसायचा. मला येत नाहीये. आठवायला गेलो की..." तो पुढे सरकला. "भुवईत काहीतरी होतं ना? खाच होती का?"

"तुला कशाला पाहिजे?"

"माझा भाऊ होता."

"तो कसा गेला माहितीय तुला?" गिलिस म्हणाला. आवाज बारीक होता, भांडणाचा नव्हता, आणि तोच जास्त बोचत होता. "बांधाच्या वरच्या अंगाला पहाऱ्याची जागा होती. दोन तास एकानं उभं राहायचं, मग बदली. मेल्निक दोन तास उभा राहिला. बदलीचा माणूस आदल्या दिवशी मेला होता. सार्जंट म्हणाला, अजून दोन तास काढ. काढले. मग आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा काढले. आठ तास झाले, पहाट झाली. मी खालून हाक मारली, मेल्निक, खाली बस, दिसतोयस! तो ऐकेना. ऐकणार कसा? उभ्या उभ्या झोपला होता तो. बंदुकीला टेकून, डोळे मिटून. तसाच गोळी लागून गेला. शत्रूबित्रू काही नाही, मला विचारशील तर झोपेनं मेला. एक माणूस कमी होता रे. बस, एक. शंभर नको होते."

खिडकीबाहेर बर्फ सरकवायच्या गाडीचा खरखराट चालला होता. लँगस्टनच्या गाद्या, शांत झोपेसाठी, हे ओरेस्टच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. त्यानं रुमाल तोंडावर दाबला. ओकला नाही. तेवढंही धड झालं नाही.

"मी आजच उतरवायला लावतो ते," तो रुमालातून म्हणाला. "सगळ्यांना सांगतो उद्या. माइकवरून सांगतो. मी कोण ते."

"म्हणजे तू मोकळा," गिलिस म्हणाला. "लोक टाळ्या वाजवतील. म्हातारा किती खरा म्हणतील. नाही, नाही. असू दे तुझं तोंड तिथेच. वाऱ्यात, बर्फात, सगळा हिवाळा. एकदा तरी त्याच्या जागी उभा राहा."

"आणि त्याचा चेहरा?"

"तो माझ्याजवळ आहे," म्हातारा म्हणाला आणि त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. "तुला नाही देणार."

डारिया तीन कॉफ्या घेऊन आली. जाताना तिनं गिलिसचा हात हातात घेऊन आभार मानले. तो म्हणाला, "बाई, तुमची काही चूक नाही."

अकरा तारखेला उणे चौदा होतं. डारिया निळा सूट घेऊन आली, तर बाबा लोकरीचा जुना कोट, कानटोपी, दोन-दोन मोजे घालून दारात उभे. खुर्चीवर बसणार नाही म्हणाले. ती चिडली, रडली, म्हणाली, "लोक काय म्हणतील? मी काय सांगू पिंडरना?" तो म्हणाला, "सांग, बाबा कामावर आहेत." तिनं गाडीचं दार आपटलं आणि एकटी गेली. दहाच्या सुमारास तो खांबापाशी पोचला. कापडाचा खालचा दांडा वाऱ्यानं निखळला होता. कापड मध्येच दुमडायचं, हनुवटी नाहीशी व्हायची, मग फाडकन उघडायचं. थांब्यावर बाक होता. तो बसला नाही. गुडघे पंधरा मिनिटांत बोलायला लागले, अर्ध्या तासात बोटं गेली. पॉपी त्यानं लावली नव्हती. आठ तास, तो मनात म्हणाला. इथे पाऊण तासात रड येतेय. डोळे मिटून बघितलं, मान आली, लाल रेघ आली. वळ ना रे, त्यानं विनवलं. एकदा वळ. तो वळला नाही. पण या वेळी त्या मानेवर कुणाचं भलतं तोंडही बसलं नाही. तिथे नुसतं काहीच नव्हतं, आणि ते काहीच-नसणं निदान तारसचं होतं.

अकराला बस आली, खांबाला लागून उभी राहिली आणि बंद झाली. या दिवशी, मेलेल्या सैनिकांसाठी, दोन मिनिटं अशाच सगळ्या बसेस जागच्या जागी थांबतात. ड्रायव्हर खाली उतरला, चाळिशीचा, दाढीवाला, टोपी हातात घेऊन. मागोमाग सहा-सात माणसं उतरली. कापडाकडे बघून सगळ्यांनी माना खाली घातल्या. औषधाच्या दुकानातली पोरगी दारात येऊन उभी राहिली. रस्ता असा गप्प झाला की दिव्याची तार वाऱ्यात वाजत होती ती ऐकू येत होती. त्याच्या तोंडाखाली, त्याच्यासमोर, इतकी माणसं डोकं उघडं टाकून थंडीत उभी, आणि तो काठीवर दोन्ही हात ठेवून मध्ये. त्याला त्यांची कीव आली आणि स्वतःची इतकी घाण वाटली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तो बसला नाही. कापड फाडकन उघडलं. एका बाईनं डोळे पुसले.

दोन मिनिटं झाली. माणसं बसमध्ये चढली. ड्रायव्हर टोपी घालता घालता थांबला, वर कापडाकडे आणि खाली म्हाताऱ्याकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"आजोबा, येताय ना? आत गरम आहे."

"नाही. मला अजून थांबायचंय."

"तुमच्या घरातलं कुणी का हे?" ड्रायव्हरनं हळू आवाजात विचारलं. "चेहरा मिळतो तुमच्याशी."

"तो मीच आहे," ओरेस्ट म्हणाला.

ड्रायव्हर गोंधळला. मग हसला, म्हाताऱ्यांशी हसतात तसा, मायेनं. "काहीतरीच काय, आजोबा. तुम्ही तर चांगले जिवंत आहात."

"हो ना," ओरेस्ट म्हणाला. "एक्क्याण्णव वर्षं झाली."